पुराआधी घरात ठरवायचं चॅनेल

कृष्णेचा महापूर सांगून येतो. कोयनेचा विसर्ग वाढल्याची बातमी येते, कराडच्या प्रीतिसंगमाचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात आणि सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर गेलं, हे आष्ट्यात चहाच्या टपरीवरसुद्धा प्रत्येकाला तोंडपाठ असतं. 40 फूट म्हणजे इशारा, 45 फूट म्हणजे धोका. नेमक्या याच दोन दिवसांत घर विखुरतं. जनावरं उंचावरच्या मळ्यात हलवायची म्हणून थोरला मुलगा तिकडे जातो. आजी-आजोबा आणि लहानगी पाहुण्यांकडे इस्लामपूरला रवाना होतात. कुणीतरी नदीकाठची मोटर वर काढायला ट्रॅक्टर घेऊन गेलेलं असतं, आणि घरात दोघं जण धान्याची पोती माळ्यावर चढवत असतात. एका चुलीवर जेवणारी माणसं चार ठिकाणी झालेली असतात आणि चौघांचा भरवसा एकाच गोष्टीवर असतो, खिशातल्या मोबाइलवर.

हा भरवसा पुरात पुरत नाही. पाणी चढलं की सुरक्षेसाठी वीज बंद करावीच लागते. वीज गेली की टॉवर काही तास बॅटरीवर चालतो, जनरेटर असेल तर डिझेल असेपर्यंत चालतो, आणि रस्ता पाण्याखाली असल्यावर डिझेल पोचवणार कोण? जे टॉवर उरतात त्यांच्यावर सगळा मुलूख एकदम फोन लावतो, मग रिंग जात नाही. तोवर आपल्याच फोनची बॅटरी बातम्या आणि व्हिडिओ बघून उतरलेली असते. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा आपल्या भागाने हे सगळं भोगलं. जुलै 2021 मध्ये पुन्हा काही अंशी तेच झालं.

आष्ट्याच्या एका बाजूला कृष्णा, दुसऱ्या बाजूला वारणा. गावाचा बराच भाग तसा उंचावर आहे, पण रानं खाली उतरत जातात आणि सोयरीक दोन्ही नद्यांच्या काठाला पसरलेली आहे. वाळवा, शिरगाव, नागठाणे एकीकडे. शिगाव, दुधगाव दुसरीकडे. म्हणून पुराच्या काळात घरच्यांशी बोलायचं दुसरं साधन आपल्याकडे असायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. ते साधन म्हणजे हातात मावणारा वॉकीटॉकी. पण दोन सेट विकत आणून कपाटात ठेवले की काम झालं, असं मुळीच नाही. सेट हे त्यातलं सोपं काम. कोणी, कुठून, किती वाजता, कोणत्या चॅनेलवर बोलायचं, हे घराने आधी बसून ठरवणं आणि कोरड्या दिवसांत त्याची सवय करणं, हे खरं काम आहे. आपल्या घरांत तेच होत नाही.

आधी खरेदी. वॉकीटॉकीला टॉवर लागत नाही, सिमकार्ड लागत नाही, रिचार्ज लागत नाही. एका सेटमधून निघालेली लहर थेट दुसऱ्या सेटमध्ये जाते, एवढाच त्याचा कारभार. पण आपल्या देशात बिनतारी संच कुणीही कसाही बाळगू शकत नाही. त्याला परवाना लागतो, हा नियम 1933 च्या कायद्यापासूनचा आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये केंद्राने काही कमी ताकदीच्या उपकरणांना परवान्यातून सूट देणारे नियम केले आणि त्यात 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ हा छोटा पट्टा मोकळा झाला. घरगुती वापराला घ्यायचा तो याच पट्ट्यातला सेट. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात ही फ्रिक्वेन्सी स्पष्ट लिहिलेली हवी, आणि दूरसंचार खात्याच्या वायरलेस विभागाची ईटीए म्हणजे उपकरण-मान्यता त्याला असायला हवी. दोन्ही दिसलं नाही तर तो सेट घेऊ नका, दुकानदार कितीही खात्री देवो.

ऑनलाइन बाजारात अशा मान्यता नसलेल्या सेटचा सुळसुळाट झाला होता. 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मोठमोठ्या विक्री संकेतस्थळांना नोटिसा काढल्या आणि वॉकीटॉकी विकताना फ्रिक्वेन्सी व मान्यता दाखवणं बंधनकारक करणारी मार्गदर्शक तत्त्वं आणली. तरीही डोळे उघडे ठेवूनच घ्यावं लागतं. स्वस्तात मिळणारे, पाच वॅटचे, वाटेल ती फ्रिक्वेन्सी लावता येणारे चिनी सेट अनेकांना भुरळ घालतात. त्यांचा पल्ला जास्त असतो हे खरं. पण ते विनापरवाना बाळगणं हा गुन्हा आहे, आणि पुरात पोलीस किंवा बचावपथक ज्या फ्रिक्वेन्सीवर बोलतंय तिथे चुकून तुमचं बटण दाबलं गेलं, तर कुणाच्या तरी जिवाशी खेळ होतो. अमेरिकेतल्या भाच्याने प्रेमाने आणलेली जोडीसुद्धा इथे वापरू नका. तिकडचे घरगुती सेट 462 आणि 467 मेगाहर्ट्झवर चालतात, तो पट्टा आपल्याकडे मोकळा नाही.

आता पल्ला. इथे सगळ्यात जास्त फसगत होते. खोक्यावर आठ-दहा किलोमीटर छापलेलं असतं. तो आकडा एका डोंगरावरून समोरच्या डोंगरावर, मध्ये काहीही नसताना मिळणारा. हे सेट जेमतेम अर्ध्या वॅटचे असतात, आणि या फ्रिक्वेन्सीची लहर साधारण सरळ रेषेत जाते. वाटेत सिमेंटचं घर आलं, पत्र्याचं शेड आलं, दाट झाडी आली की ती क्षीण होते. आष्ट्याच्या गल्ल्यांमध्ये जमिनीवर उभं राहून बोललात तर अर्धा ते एक किलोमीटर धरून चाला. मोकळ्या रानात दीड-दोन किलोमीटर. एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर, मध्ये काही आडवं नसेल, तर त्याहून बरंच पुढे जातं. आष्ट्याहून सांगलीला या सेटने बोलणं होणार नाही. इस्लामपूरला बहुधा नाहीच. घर ते मळा, घर ते वस्ती, या गल्लीतून त्या गल्लीत, नावेत बसलेला माणूस ते काठावरचा माणूस, एवढंच याचं राज्य. पुरात घरच्यांची ताटातूट होते ती बहुतेक याच अंतरात, म्हणून हे राज्य लहान वाटलं तरी कामाचं आहे.

पल्ला वाढवायचा एकच कायदेशीर मार्ग, तो म्हणजे उंची. या सेटची अँटेना बदलायला परवानगी नसते, ताकद वाढवता येत नाही. पण अंगणातून न बोलता गच्चीवर जाऊन बोललात, तर जो आवाज तुटक येत होता तो स्वच्छ येतो. अँटेना उभी धरायची, आडवी नाही. खोलीतूनच बोलावं लागलं तर मळ्याच्या दिशेच्या खिडकीत उभं राहायचं. फक्त विजा कडाडत असतील तर गच्ची सोडायची, मग कितीही महत्त्वाचा निरोप असो. वळिवाच्या आणि परतीच्या पावसात ही काळजी जास्त.

सेट घेतल्यावर पहिल्याच रविवारी एक काम करा. एक जण गच्चीवर, दुसरा मोटारसायकलवर. मोटारसायकलवाल्याने मळ्याच्या वाटेने निघायचं आणि प्रत्येक ओळखीच्या खुणेला थांबायचं: कॅनॉलची मोरी, डीपी, म्हसोबाचं झाड, बांधावरची विहीर. प्रत्येक ठिकाणाहून हाक द्यायची. गच्चीवरच्याने वहीत तीनच शब्दांत लिहायचं: स्वच्छ, तुटक, नाही. तासाभरात तुमच्या घराचा स्वतःचा नकाशा तयार होतो, आणि तो कुठल्याही खोक्यावरच्या आकड्यापेक्षा खरा असतो. मळ्यातल्या घराच्या पडवीतून आवाज येत नाही पण विहिरीच्या कठड्यावरून येतो, हे एकदा कळलं की पुराच्या रात्री शोधाशोध नको.

ही चाचणी एप्रिलमध्ये केली असेल तर आषाढात पुन्हा करा. कारण आपल्याकडचा ऊस. फेब्रुवारी-मार्चमध्ये तोड झालेल्या फडांवरून आवाज लांबवर जातो. जुलैअखेर तेच रान पुरुषभर उंच, पावसाने निथळणाऱ्या उसाने भरलेलं असतं, आणि ओल्या पाल्याचा तो पट्टा लहर शोषून घेतो. पूर येतो तो नेमका याच दिवसांत. उन्हाळ्यातल्या नकाशावर विसंबलात तर ऐन वेळी मळा मुका होईल.

वर्षातून एकदा सगळं तपासायला आपल्या भागात एक दिवस आधीपासूनच नेमलेला आहे, तो म्हणजे बेंदूर. बैलं धुवायला, रंगवायला, पुरणपोळीला सगळं घर एकत्र असतं, बाहेरगावचा मुलगाही आलेला असतो, आणि पुराचे दिवस तोंडावर असतात. त्या दुपारी सेट बाहेर काढायचे, सेल बदलायचे, आजीपासून नातवापर्यंत प्रत्येकाने एकदा बटण दाबून बोलायचं. आजीला बोलता आलं, तर ती यंत्रणा पक्की समजा.

आता चॅनेलचं. या सेटमध्ये मोजकी चॅनेल असतात आणि प्रत्येक चॅनेलला जोडून काही कोड असतात. विक्रेते त्यांना ‘प्रायव्हसी कोड’ म्हणतात, त्यामुळे आपलं बोलणं कुणाला ऐकू जात नाही असा समज होतो. तो चुकीचा आहे. कोड लावल्याने तुम्हाला इतरांचं बोलणं ऐकू येत नाही, तुमचं मात्र कुणीही ऐकू शकतं. वाईट म्हणजे दोन सेटवर चॅनेल एक पण कोड वेगळा असेल, तर दोघंही बोलत राहतात आणि एकालाही काही ऐकू येत नाही. म्हणून संकटासाठीच्या सेटवर कोड बंद ठेवा, शून्यावर. एक मुख्य चॅनेल ठरवा, त्यावर गर्दी झाली तर जायचं दुसरं ठरवा, आणि दोन्ही आकडे चिकटपट्टीवर लिहून सेटच्या पाठीवर लावा. बटणं लॉक करून ठेवा, नाहीतर खिशात चॅनेल बदलतं. आवाज ऐकून आपोआप सुरू होणारी सोय असते, ती बंद ठेवा. पावसाच्या आणि वाऱ्याच्या आवाजानेही ती चालू होते आणि बॅटरी खाते. आवाज अगदी पुसट येत असेल तर ‘मॉनिटर’चं बटण दाबून धरून ऐका. खरखर वाढते, पण तिच्या आड दडलेला माणसाचा आवाज पुष्कळदा कळतो.

कुणीही ऐकू शकतं हे लक्षात ठेवूनच बोलायचं. घर रिकामं आहे, दागिने अमुक ठिकाणी ठेवलेत, असलं काही हवेत सोडायचं नाही. हाक मारायला माणसांच्या नावांऐवजी ठिकाणांची नावं घ्यावीत, असा माझा आग्रह आहे. ‘गच्ची’, ‘मळा’, ‘मोटर’, ‘शाळा’. माणसं जागा बदलतात. ‘मळा बोलतोय’ म्हटलं की निम्मा निरोप तिथेच पोचतो. बोलणं साधारण असं व्हावं:

“गच्ची, गच्ची, इथे मळा. ओव्हर.”

“मळा, इथे गच्ची. बोल. ओव्हर.”

“आई, आम्ही दोघं इथं. म्हशी चार, सगळ्या सुखरूप. पाणी खालच्या विहिरीपर्यंत आलंय, चढतंय. वैरण उद्या सकाळपर्यंत. ओव्हर.”

“ऐकलं. दोघं, म्हशी चार, पाणी खालच्या विहिरीपर्यंत आणि चढतंय, वैरण उद्या सकाळपर्यंत. अप्पा म्हणतायत, अंधार पडायच्या आत म्हशी वरच्या बांधाला न्या. ओव्हर.”

“अंधाराच्या आत वरच्या बांधाला. पुढचं बोलणं चारला. बंद.”

यात प्रत्येक वाक्याला कारण आहे. आधी समोरच्याला हाक, मग आपली ओळख. म्हणजे समोरचा कान देतो आणि मग कोण बोलतंय ते ऐकतो. एका वेळी एकालाच बोलता येतं, म्हणून ‘ओव्हर’. आपलं बोलून झालं, बटण सोडलं, आता तू बोल. निरोप मिळाला की तो परत म्हणून दाखवायचा. ‘चार म्हशी’चं ‘चारा नाही’ व्हायला एक खरखर पुरते, आणि परत म्हणताना ती चूक लगेच पकडली जाते. बटण दाबल्याबरोबर बोलू नका, एक श्वास थांबा. नाहीतर पहिला शब्द कापला जातो आणि तो नेमका ‘नको’ असू शकतो. सेट तोंडापासून चार बोटं लांब धरा, नेहमीच्या आवाजात बोला. ओरडलं की शब्द फाटतात. आकडे एकेक अंक सुटा करून सांगा.

पाणी किती आलं हे फुटांत सांगण्यापेक्षा खुणेने सांगावं. “देवळाची तिसरी पायरी”, “डीपीच्या खांबाची खालची पट्टी”, “गोठ्याचा उंबरा”. घरातल्या प्रत्येकाला ती खूण डोळ्यांपुढे दिसते. आणि डीपीची खूण लांबूनच बघायची. वीज बंद आहे असं कुणी सांगितलं तरी पाण्यातल्या खांबाजवळ जायचं नाही.

बॅटरीची गोष्ट वेळापत्रकाशी बांधलेली आहे. सेट सतत चालू ठेवला तर एक-दोन दिवसांत मान टाकतो, आणि पुराचा वेढा त्याहून लांबतो. अमेरिकेत डोंगरांत फिरणाऱ्या हौशी रेडिओवाल्यांनी यावर एक सोपी पद्धत बसवली आहे: सकाळी सातपासून दर तीन तासांनी, ठोक्याला, पाच मिनिटं सेट लावायचा आणि ऐकायचं. सात, दहा, एक, चार, सात. बाकीचा वेळ बंद. आपल्या घरांना हे वेळापत्रक जसंच्या तसं उचलायला हरकत नाही. रात्री पाणी चढत असेल तर दहाची आणि पहाटे चारची वेळ वाढवा. दोन वेळा सलग एखाद्या ठिकाणाहून आवाज आला नाही तर काय करायचं, हेही आधीच ठरवून ठेवा: कोण, कोणत्या वाटेने, कुठपर्यंत बघायला जाणार, आणि अंधारात कुणीही पाण्यात उतरणार नाही. हे न ठरवल्यामुळे एकाला शोधायला दुसरा जातो आणि दुसऱ्याला शोधायला तिसरा.

सेलबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पेन्सिल सेलवर चालणारा सेट मिळत असेल तर तोच घ्या. चार्जिंगचा सेट नेहमीच्या वापराला सोयीचा, पण वीज नसताना गावातल्या किराणा दुकानात पेन्सिल सेल मिळतात, चार्जिंग मिळत नाही. सेलचं न फोडलेलं पाकीट सेटबरोबर ठेवा. सेट महिनोन्महिने पडून राहणार असेल तर आतले सेल काढून ठेवा, ते पाझरले की आतले पत्रे खातात. चार्जिंगचाच सेट असेल तर भरलेली पॉवर बँक फक्त त्याच्यासाठी राखून ठेवा आणि तिच्यावर मोबाइल लावायचा मोह आवरा.

पावसात सेट साध्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून वापरता येतो. पिशवीतून लहर जाते, आवाजही बऱ्यापैकी येतो, बटणही दाबता येतं. गळ्यात अडकवायची दोरी लावाच. पाण्यात पडून भिजलाच तर चालू करून बघायची घाई नको. सेल काढा, पुसा, कोरड्या हवेत पुरेसा वेळ वाळू द्या. चुलीजवळ ठेवू नका.

लांबच्या माणसांशी कसं बोलायचं? निरोप हातोहात पोचवून. मळ्याचा आवाज गच्चीला येतो, गच्चीचा आवाज गावाच्या वरच्या टोकाला राहणाऱ्या चुलत भावाला येतो, आणि त्याच्याकडे मोबाइलची रेंज टिकून आहे. तो पुण्यातल्या आत्याला एसएमएस करतो. फोन लागत नाही तेव्हाही एसएमएस कधी कधी निघून जातो, कारण त्याला जागा थोडी लागते. पुण्यातली आत्या ही सगळ्या घराची वही. कोण कुठे, कोण सुखरूप, हे तिच्याकडे जमा होतं आणि इस्लामपूरला असलेले आजी-आजोबा तिलाच विचारतात. पूरग्रस्त भागातल्या दहा जणांनी एकमेकांना फोन लावत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. मधल्या माणसाने एकच पथ्य पाळायचं: निरोप जसा आला तसाच पुढे द्यायचा, त्यात आपली भर नको. “पाणी चढतंय” हे तीन तोंडांतून गेल्यावर “मळा बुडाला” होता कामा नये.

मदत मागायची असेल तर ती वॉकीटॉकीवर मिळेल असं समजू नका. या पट्ट्यावर पोलीस किंवा बचावपथक ऐकत बसलेलं नसतं. साखळीतल्या ज्याच्याकडे फोन चालतोय त्याने 112 किंवा जिल्हा आपत्ती कक्षाचा 1077 लावायचा. तुमच्या सेटवरून त्याला द्यायचा निरोप मात्र नेमका हवा: ठिकाण, माणसं किती, त्यांत आजारी, म्हातारी, लेकुरवाळी, गरोदर किती, पाणी कुठपर्यंत. 8 ऑगस्ट 2019 ला कृष्णाकाठच्या ब्रह्मनाळजवळ पुरातून लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली. तिच्यात पेलेल त्याहून जास्त माणसं बसलेली होती, आणि आपल्याच भागातली अनेक माणसं गेली. नाव निघण्याआधी काठावरच्याला गच्चीवरची माणसं मोजून कळली असतील, आणि गच्चीवरच्यांना नाव पुन्हा येणार आहे हे त्यांच्या माणसाच्या आवाजात ऐकू आलं असेल, तर पहिल्याच फेरीत चढण्याची घाई थोडी तरी कमी होईल. नाव चालवणाऱ्याजवळ एक सेट आणि काठावर एक सेट, ही पूरपट्ट्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि तरुण मंडळाने करण्यासारखी सोय आहे. गणपतीच्या वर्गणीतला अगदी लहान हिस्सा तिला पुरेल. लाइफ जॅकेट मात्र त्याच्याही आधी.

सेटसोबत सेलवर चालणारा साधा रेडिओही जवळ ठेवा. वॉकीटॉकीवर घरचं कळतं. धरणातून किती पाणी सोडलं, कोणता रस्ता बंद झाला, हे आकाशवाणीवरून कळतं.

आणि फक्त पुराचाच विचार नको. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कुणाला तासाचीही सूचना नव्हती. ज्या भागाने तो धक्का अनुभवला आहे, त्या भागात सेट कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवण्यात अर्थ नाही. दाराजवळच्या खुंटीला, बॅटरीशेजारी, हात घातला की सापडेल असा तो हवा.

सवयीचं म्हणाल तर आपल्याकडे तिच्यासाठी रोजचंच कारण आहे. शेतीच्या मोटारींना वीज पुष्कळदा रात्रीची येते. पाळी असली की घरातला एक जण रात्री अकराला बॅटरी घेऊन उसात शिरतो आणि पहाटे परततो. शिराळा आणि वाळवा तालुक्यांत उसाच्या फडांतून बिबट्याचा वावर आहे, साप तर नेहमीचेच, आणि फडाच्या आत मोबाइलला रेंज नसते. रात्री पाण्याला जाणाऱ्याच्या गळ्यात एक सेट आणि घरात उशाशी दुसरा, एवढं सुरू करा. तासा-दीड तासाने एक हाक, एक उत्तर. स्टार्टर पडला, दारं मोडलं, उशीर होतोय, हे सांगायला त्याला बांधापर्यंत यावं लागत नाही. चार-सहा पाळ्यांत त्याला आणि घरच्यांना सेट अंगवळणी पडतो, कोणत्या कोपऱ्यातून आवाज जात नाही ते कळतं, सेल किती टिकतात ते कळतं. पुराच्या रात्री लागणारं सगळं शिक्षण यातच होऊन जातं. सेटला धूळ बसत नाही हा वेगळा फायदा.

ज्यांना याहून लांब पोचायचं आहे, म्हणजे आष्ट्याहून सांगली, कराड, पुणे, त्यांच्यासाठी हॅम म्हणजे हौशी रेडिओ आहे. त्याला परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. वयाची अट 12 वर्षं पूर्ण, एवढीच. पहिल्या पायरीच्या म्हणजे रिस्ट्रिक्टेड परवान्याला मोर्सची कट्‌कट्‌ येण्याचीही गरज नाही. विजेची आणि लहरींची मूळ माहिती आणि नियम आले की पुरतं. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम केंद्र चालवण्यासाठी योगायोगाने पोर्ट ब्लेअरला होते. त्यांच्या सेटवरून बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवरच्या नातेवाइकांना कळू लागली. नेहमीच्या दिवसांत हॅमवाल्याला दुसऱ्याचे निरोप पोचवता येत नाहीत, पण आपत्तीत फोनची सोय कोलमडली की नियम त्याला ही मोकळीक देतात.

आष्ट्यात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथे इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलामुलींना हा अभ्यास जड जाऊ नये, आणि महाविद्यालयाच्या गच्चीइतकी उंच, मोकळी जागा गावात फार थोड्या जणांकडे असेल. दरवर्षी चार-पाच जणांनी जरी परवाना घेतला, तरी काही वर्षांत वाळवा तालुक्यात प्रत्येक मोठ्या गावाला एक हॅमवाला मिळेल. त्याच्याकडे आलेला निरोप सांगलीच्या आपत्ती कक्षापर्यंत टॉवरशिवाय जाईल. आणि त्याच्यापर्यंत निरोप आणून देतील ते तुमच्या-माझ्या गच्चीवरचे अर्ध्या वॅटचे सेट. नगरपालिका आणि महाविद्यालय यांनी एकत्र बसून पुढच्या बेंदराच्या आत परीक्षेची पहिली तुकडी तयार करावी, अशी माझी दोघांनाही विनंती आहे. अर्ज दूरसंचार खात्याच्या सरल संचार संकेतस्थळावरून करता येतो.